सिमकार्डाच्या चौकटीचा घडीचा फोन-स्टँड

नवं सिम येतं ते एका प्लास्टिकच्या कार्डात बसून. अंगठ्याने दाबलं की सिम सुटतं, फोनमध्ये जातं, आणि चौकोनी भोक उरलेलं कार्ड खणात पडून राहतं. फोन बदलला, नेटवर्क बदललं, सिमचा आकार बदलला, की खणात आणखी एक. हे प्लास्टिक इतकं सपाट, इतकं नेमक्या मापाचं आणि इतकं चिवट असतं की ते कचऱ्यात टाकायला माझं मन होत नाही. त्यातून मी फोनसाठी घडीचा स्टँड केला आणि तो रोज वापरते. कसा केला आणि तसाच का केला, हे आज सविस्तर लिहिते.

मी क्रोशाचं विणकाम करते. नवे नमुने व्हिडिओ बघून शिकते. दोन्ही हात दोऱ्यात अडकलेले असतात, नजर कधी सुईवर तर कधी पडद्यावर, आणि समोरची बाई सहा खांब एका घरात घालते की पाच, हे नीट दिसलं नाही तर पुढची अख्खी ओळ उसवावी लागते. म्हणून फोन आडवा, थोडा मागे झुकलेला आणि अजिबात न घसरणारा हवा. शिवाय स्टँड विणकामाच्या पिशवीत सपाट मावायला हवा, कारण पिशवीत आधीच लोकरीचे गुंडे, सुया आणि कात्री असते.

कार्डाचा स्टँड करायची एक पद्धत बरीच प्रचलित आहे. एका टोकापासून सेंटिमीटरभर आत एक दुमड घालायची, मग उरलेल्या भागाच्या मधोमध उलट्या दिशेने दुसरी. पुढच्या खळगीत फोन ठेवायचा, मागे तो उतारावर टेकतो. दोन मिनिटांत होतो, कात्रीही लागत नाही. पण मला ही रचना पटत नाही. तिच्यात फोनचं सगळं वजन दुमडीवर येतं आणि दुमड हीच या प्लास्टिकची सर्वांत दुबळी जागा आहे. ही कार्डं बहुतेक पीव्हीसी किंवा एबीएसची असतात. दोन्ही प्रकारांत दुमडलेल्या रेषेवर पांढरा पट्टा उमटतो. तो पट्टा म्हणजे आतून प्लास्टिक फाटायला लागल्याची खूण. डब्यांची झाकणं एकाच पातळ पट्टीवर वर्षानुवर्षं उघडमीट होतात, ती पॉलिप्रॉपिलीनची असतात म्हणून. हा गुण या कार्डांत नाही. त्यामुळे दुमडीचा स्टँड वजनाखाली हळूहळू पसरत जातो, फोन आणखी आणखी मागे कलतो आणि शेवटी कार्डाचे दोन तुकडे होतात.

कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. एवढी पातळ पट्टी सपाट धरून वाकवली तर लगेच वाकते. तीच पट्टी कडेवर उभी धरा आणि वरून खाली दाबा, बोट दुखेल पण ती वाकणार नाही. हा फरक किती मोठा आहे याचा हिशेब सोपा आहे. पट्टीचा ताठपणा भार ज्या दिशेने येतो त्या दिशेच्या मापाच्या घनाने वाढतो. १६.५ मिलिमीटर रुंदीची पट्टी सपाट न ठेवता कडेवर उभी केली तर तिचा ताठपणा सुमारे ४७० पट होतो. एकच पट्टी, एकच प्लास्टिक. म्हणून माझ्या स्टँडमध्ये कार्ड कुठेही सपाट ठेवून वाकवलेलं नाही. ते उघडलेल्या पुस्तकासारखं कडेवर उभं राहतं, दोन पानं पुढे आणि बिजागरी मागे, आणि फोन दोन्ही पानांच्या पुढच्या कडांमध्ये केलेल्या खाचांत बसतो. मिटलं की पुन्हा सपाट.

दुसरी गोष्ट त्या भोकाची. बहुतेक जण कार्डाचा स्टँड करताना भोक टाळून कापतात, जणू ती कार्डातली खोट आहे. माझ्या मते कार्डावरची सर्वांत उपयोगी जागा तीच. कारखान्यात ठशाने कापलेली ती चौकट आपल्या हाताने कधीच साधणार नाही इतकी सरळ असते, तिचे कोपरे आतून गोलावलेले असतात, आणि तिची जागा ठरलेली असते. ही जागा ठरण्यामागे छोटा इतिहास आहे. १९९१ साली म्युनिकच्या गीझेके अँड डेव्रिएंट या कंपनीने पहिली सिमकार्डं बनवून फिनलंडच्या रॅडिओलिन्या या सेवेला दिली. तेव्हाचं सिम म्हणजे हे अख्खं कार्डच होतं, ८५.६० बाय ५३.९८ मिलिमीटरचं, बँकेच्या कार्डाएवढं. फोन लहान होत गेले तसं त्यातला काम करणारा तेवढा तुकडा वेगळा काढायची सोय आली. आधी २५ बाय १५ मिलिमीटरचं मिनी, मग १५ बाय १२ चं मायक्रो, आणि २०१२ मध्ये १२.३ बाय ८.८ चं नॅनो. पण सोनेरी संपर्कपट्टीची जागा मूळ कार्डावर जिथे होती तिथेच राहिली, म्हणून तिच्याभोवतीचं भोकही सगळ्या पूर्ण आकाराच्या कार्डांवर जवळपास एकाच जागी येतं: आखूड कडेपासून सुमारे ६ मिलिमीटर आत, आणि जवळच्या लांब कडेपासून सुमारे १६.५ मिलिमीटरवर. माझ्या कार्डावर घेतलेली मापं तुमच्या कार्डालाही लागू पडतील, ती यामुळे.

कापायला बसण्याआधी एक काम आवर्जून करा. बऱ्याच कार्डांवर सिमचा लांबलचक अनुक्रमांक छापलेला असतो, ८९ ने सुरू होणारा, आणि त्याच्या खाली पिन आणि पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा आकडा. सिमला पिन लावलेला असेल आणि तो सलग तीनदा चुकला, तर सिम कुलूपबंद होतं आणि आठ आकडी पीयूके मागतं. तोही दहादा चुकला तर ते सिम कायमचं गेलं, नवंच घ्यावं लागतं. तेव्हा हे आकडे आधी वहीत किंवा जिथे तुम्ही असल्या गोष्टी जपून ठेवता तिथे उतरवून घ्या. मग कार्डावरचे आकडे ब्लेडने खरवडून टाका. हा स्टँड चारचौघांत टेबलावर उभा राहणार आहे, त्यावर तुमच्या सिमचे आकडे वाचता येता कामा नयेत. चालू सिमचं कार्ड कापायला मन धजत नसेल तर बंद झालेल्या जुन्या सिमचं घ्या. त्याने काही बिघडत नाही.

आता सामान. धारदार कटर, स्टीलची पट्टी, बारीक मार्कर (पेन्सिल या प्लास्टिकवर उमटत नाही), नखांची कानस किंवा बारीक पॉलिश पेपर, कापडी चिकटपट्टी, आणि थोडा सुती दोरा. कंपासपेटीतला कंपास असेल तर उत्तम, त्याचं टोक भोकं पाडायला कामी येतं.

नॅनो सिम काढताना त्याच्याभोवतीच्या मायक्रो आणि मिनीच्या रिंगा कार्डातच राहिल्या असतील तर त्याही दाबून काढा. २५ बाय १५ चं पूर्ण भोक मोकळं हवं. सिम जिथे कार्डाला धरून होतं तिथे प्लास्टिकचे बारीक टोकदार कण उरतात, ते कानशीने साफ करा. भोकाचा एक कोपरा तिरका असतो, कारण सिमचाही एक कोपरा तिरका असतो. तो फोन बसतो त्या बाजूला आला तर तेवढा घासून सरळ करायचा.

कार्ड असं धरा की भोक डाव्या हाताला आणि खालच्या लांब कडेला जवळ येईल. उलटं करावं लागलं तर करा, छापलेली बाजू कुठेही आली तरी चालते. लांबीच्या बरोबर मधोमध, म्हणजे ४२.८ मिलिमीटरवर, वरपासून खालपर्यंत उभी रेघ मारा आणि तिथे कार्ड पूर्ण कापून दोन पानं वेगळी करा. कापताना जोर लावायचा नाही. पट्टी घट्ट दाबून हलक्या हाताने त्याच रेषेवर कटर फिरवत राहायचं. अर्ध्या जाडीपर्यंत चीर गेली की कार्ड रेषेवर मागे वाकवायचं, ते टकदिशी सरळ तुटतं. एकाच झटक्यात कापायला गेलं तर कटर पट्टीवर चढतो, आणि पट्टी धरलेली बोटं तिथेच असतात.

डाव्या पानात भोक आहे. भोकाची खालची कड म्हणजे फोनची बैठक. भोक आणि आखूड कड यांच्या मधली ६ मिलिमीटरची उभी पट्टी म्हणजे फोन पुढे घसरू नये म्हणून अडसर. दोन्ही तयारच आहेत, आपल्याला फक्त वरचा भाग मोकळा करायचा आहे. अडसर बैठकीपासून ८ मिलिमीटर उंच ठेवून त्यावरची पट्टी आडवी कापून टाका. मग टेकण आखा, म्हणजे फोनची पाठ जिथे टेकेल ती तिरकी कड. अडसराच्या आतल्या कडेपासून १६ मिलिमीटर आत, बैठकीच्या पातळीवर एक खूण करा (ती भोकाच्या रिकाम्या जागेत येते, म्हणून पान एका कागदावर ठेवून कागदावर खूण करावी लागते). दुसरी खूण पानाच्या वरच्या कडेवर, बिजागरीच्या कडेपासून ७ मिलिमीटर अलीकडे. या दोन खुणा जोडणारी तिरकी रेघ कापली की तिच्या पुढचा वरचा कोपरा निघून जातो. भोकाच्या वर जे टोक उरतं ते घासून गोल करा, नाहीतर पिशवीत लोकर त्यात अडकते.

आता हेच डावं पान पालथं करून उजव्या पानावर ठेवा, खालच्या कडा आणि बिजागरीच्या कडा जुळवा, आणि मार्करने बैठक, अडसर, टेकण सगळं गिरवून घ्या. साचा वेगळा काढायची गरजच नाही. उजव्या पानात भोक नाही, त्यामुळे तिथे टेकण वरपासून बैठकीपर्यंत सलग कापायची. बैठक आणि अडसर जिथे मिळतात तो आतला कोपरा मात्र काळजीने करा. आतला कोपरा धारदार काटकोनी राहिला तर ताण सगळा तिथे एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून आधी कंपासचं टोक फिरवत फिरवत त्या कोपऱ्यावर एक बारीक गोल भोक पाडा आणि दोन्ही काप त्या भोकात आणून संपवा. टेकणीच्या पायथ्यालाही तसंच करा. कटर कोपऱ्याच्या पुढे घसरला तर तीही तड्याची सुरुवात असते.

दोन्ही बैठका शेवटी कानशीने किंचित तिरक्या करा, आतल्या म्हणजे बिजागरीच्या बाजूला उतरत्या. अगदी अर्धा मिलिमीटर उतारही पुरतो. मागे झुकलेला फोन त्याच्या मागच्या खालच्या कडेवर उभा असतो, आणि ती कड सारखी पुढे सरकायला बघते. बैठकीला आत उतार मिळाला की फोनचं वजनच त्याला आत धरून ठेवतं, सगळा भार अडसरावर येत नाही. सगळ्या स्टँडमध्ये मला सर्वांत आवडणारी जागा हीच आहे. कानस फिरवताना मधेमधे दोन्ही पानं एकत्र धरून बघा, उतार सारखा पडतोय ना.

बिजागरीला कापडी चिकटपट्टी. दोन्ही पानं टेबलावर सपाट, एकमेकांना अगदी भिडवून ठेवा आणि सांध्यावर चिकटपट्टी लावा. ही बाजू घडीच्या आत जाणार, म्हणजे मिटल्यावर चिकटपट्टी लावलेली तोंडं एकमेकांवर येणार. फट ठेवायची नाही. पानं भिडलेली असली की स्टँड सरळ रेषेपलीकडे उलटा उघडत नाही. मग पानं मिटा आणि मिटलेल्या अवस्थेतच मागच्या कण्यावरून दुसरी चिकटपट्टी फिरवून लावा. उघडलेल्या अवस्थेत लावली तर मिटताना तिला दोन पानांच्या जाडीएवढं ताणावं लागतं आणि ती सुटते. साधी पारदर्शक चिकटपट्टी इथे नको. ती घडीच्या रेषेवर चिरते आणि तिचा चिकटपणा कडेने बाहेर येऊन धूळ धरतो.

बिजागरी अशी सैल असल्यामुळे पानं किती उघडायची हे कुणीतरी ठरवून द्यावं लागतं. त्यासाठी मी प्रत्येक पानाच्या खालच्या पट्टीत, बिजागरीपासून २५ मिलिमीटरवर, एकेक भोक पाडलं आणि दोन्ही भोकांत मिळून क्रोशाची एक साखळी ओवली. साधा दोराही चालेल. साखळी बरी, कारण ती प्लास्टिकच्या कडेवर लवकर झिजत नाही आणि टाक्याटाक्याने लांबी नेमकी जमवता येते. साखळी ३५ मिलिमीटरची ठेवली की पानं काटकोनात उघडून थांबतात. २५ मिलिमीटरची केली तर बिजागरी आणि दोन भोकं मिळून समभुज त्रिकोण होतो आणि कोन ६० अंशांचा येतो. कुठलंही अंतर घ्या, हे प्रमाण तसंच राहतं: साखळी अंतराएवढी तर ६० अंश, अंतराच्या सुमारे १.४ पट तर काटकोन.

या कोनाने दोन गोष्टी बदलतात. पानं जितकी कमी उघडाल तितकी खाच पुढून मागे रुंद होते, म्हणून जाड कव्हरचा फोन असेल तर कोन कमी करायचा. आणि कमी कोनात फोन थोडा जास्त मागे झुकतो. वर दिलेल्या मापांनी काटकोनात उघडल्यावर फोन टेबलाशी साधारण ७५ अंशांत उभा राहतो, ६० अंशांत उघडल्यावर ७२ च्या आसपास. टेबलाशी ताठ बसून बघणाऱ्याला आणखी झुकाव हवासा वाटेल. मी खाली मान घालून विणते, मला हा पुरतो.

अडसर पडद्याच्या पुढे ८ मिलिमीटर वर येतो म्हटल्यावर वाटेल की चित्र झाकेल. झाकत नाही. पान कडेवर उभं असल्यामुळे समोरून त्याची फक्त पातळ कड दिसते, पडद्याच्या तळाशी दोन बारीक रेषा. प्लास्टिक वीजवाहक नसल्यामुळे पडद्याला ते बोट वाटत नाही, व्हिडिओ आपोआप थांबत नाही की पुढे सरकत नाही. बटणांचं मात्र बघावं लागतं. फोन आडवा ठेवताना ज्या बाजूला चालू-बंदचं बटण आहे ती वर घ्या. दोन्ही बाजूंना बटणं असतील तर खाली येणारं बटण दोन पानांच्या मधल्या मोकळ्या जागेत येतं का ते पाहा. बैठकीवर बटण आलं की फोन सारखा आवाज कमी करत बसतो.

गुळगुळीत टेबलावर पानांच्या खालच्या कडा सरकतात. पुढच्या टोकांना खालून कापडी चिकटपट्टीचा छोटा तुकडा दोन्ही अंगांनी दुमडून लावला की पकड येते.

आता मर्यादा. एका कार्डाचा स्टँड आडव्या फोनसाठीच आहे. उभा फोन त्यावर ठेवू नका. कारण मोजून सांगते. काटकोनात उघडलेल्या स्टँडची पुढून मागे खोली जेमतेम ३० मिलिमीटर भरते. आडव्या फोनची उंची साधारण ७५ मिलिमीटर, म्हणजे त्याचा गुरुत्वमध्य खालच्या कडेपासून ३७ मिलिमीटर वर. झुकाव आणि फोनची जाडी धरून त्याच्या वजनाची रेषा स्टँडच्या पुढच्या टोकापासून सुमारे १९ मिलिमीटरवर पडते, पायाच्या आत, सुरक्षित. तोच फोन उभा केला की उंची दुप्पट होते आणि वजनाची रेषा २९ मिलिमीटरपर्यंत मागे जाते, जवळपास बिजागरीच्या टोकावर. पडद्याला बोट लावलं की तो मागे कलंडणार. टेकण आणखी ताठ, ८० अंशांच्या पुढे कापली तर उभा फोनही राहतो, पण मग पडदा इतका सरळ होतो की मान खाली घालून बघणाऱ्याला त्यात दिव्याचं प्रतिबिंबच दिसतं.

आडवा फोनही बरोबर मधोमध ठेवायचा. पाया त्रिकोणी आहे, पुढे रुंद आणि मागे निमुळता, त्यामुळे फोन एका बाजूला दोन-तीन सेंटिमीटर सरकवून ठेवला तर तो कुशीवर पडतो. मी टेकणीच्या मधोमध येईल अशी कव्हरच्या खालच्या कडेवर मार्करची एक खूण केली आहे. ती दोन पानांच्या मध्ये आली की फोन बरोबर बसला. पडद्याच्या टोकाला टिचकी मारायची वेळ आली तर दुसऱ्या हाताने फोनला आधार द्यायचा. थोडक्यात हा स्टँड बघण्यासाठी आहे, टाइप करण्यासाठी नाही.

ज्यांना उभा फोन हवा, म्हणजे व्हिडिओ कॉलवर जास्त बोलणाऱ्यांना, त्यांनी दोन कार्डं घ्यावीत. हा प्रकार मला पहिल्यापेक्षाही जास्त पटलेला आहे, आणि करायला सोपासुद्धा आहे. कार्ड मधोमध कापायचंच नाही. दोन्ही अख्खी कार्डं घ्यायची, एक सुलट आणि एक उलट, म्हणजे दोन्हींची भोकं समोरासमोर येतात. सपाट वस्तू पालथी केली की तिची आरशातली जोडी मिळते, त्यामुळे गिरवायचं काहीच उरत नाही, बैठक आणि अडसर दोन्ही पानांत आयते तयार असतात. भोकं ज्या टोकांना नाहीत ती आखूड टोकं चिकटपट्टीने जोडायची. टेकणीची वरची खूण मात्र बदलते. बिजागरीपासून न मोजता पुढच्या कडेपासून ३६ मिलिमीटरवर करायची, म्हणजे टेकणीचा उतार पहिल्यासारखाच राहतो. मिटल्यावर स्टँड बरोबर एका कार्डाएवढा आणि दीड मिलिमीटरच्या आसपास जाड होतो, पाकिटातल्या कार्डाच्या कप्प्यात सरकतो.

पानं लांब झाल्यामुळे ती काटकोनात उघडायची नाहीत, नाहीतर दोन खाचांमधलं अंतर उभ्या फोनच्या रुंदीपेक्षा जास्त होईल आणि फोन मधून खाली जाईल. ४० अंश पुरतात. त्यासाठी साखळी बिजागरीपासून भोकापर्यंतच्या अंतराच्या दोन-तृतीयांश ठेवायची. अंतर ४५ मिलिमीटर असेल तर साखळी ३०. एवढ्या कोनात दोन बैठकांमध्ये सुमारे ५ सेंटिमीटर राहतात, आणि पायाची खोली ८० मिलिमीटरपर्यंत जाते. उभ्या फोनच्या वजनाची रेषा तिच्या साधारण मध्यावर पडते. पडद्यावर बोटाने सरकवलं तरी हा हलत नाही. चार्जिंगची वायर खालून दोन पानांच्या मधून सरळ मागे जाते. फक्त बैठक १६.५ मिलिमीटर उंच आहे, त्यामुळे ताठ आणि लांब टोकाची पिन मावत नाही, काटकोनी पिन लागते.

उष्णतेपासून मात्र दोन्ही जपा. पीव्हीसी ८० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडायला लागतं. चार्ज होताना तापलेल्या फोनने त्याला काही होत नाही, पण शेगडीच्या कडेला किंवा उन्हात बंद गाडीच्या काचेखाली ठेवलेला स्टँड वाकडा होऊ शकतो. आणि भोकं पाडायला तापवलेली सुई वापरू नका, जळणाऱ्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो डोळ्यांना आणि घशाला वाईट.

हल्ली बरीच सिमं अर्ध्या कार्डात येतात, प्लास्टिक वाचावं म्हणून. आणि ई-सिममुळे, म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या सिममुळे, कार्ड येणंच थांबत चाललं आहे. अमेरिकेत विकला जाणारा आयफोन १४ तर २०२२ मध्ये सिमच्या कप्प्याशिवायच आला. अर्ध्या कार्डाची उंची पूर्ण कार्डाएवढीच असेल तर अशी दोन अर्धी कार्डं म्हणजे एका कार्डाच्या स्टँडची दोन तयार पानं. मधला काप वाचतो, गिरवणं वाचतं, एक उलटं करून जोडलं की झालं. फक्त पान ४० मिलिमीटरपेक्षा आखूड नाही ना, एवढं पट्टीने मोजून घ्या. त्याहून आखूड असेल तर टेकणीच्या वर बिजागरीला धरायला पुरेसं प्लास्टिक उरत नाही, आणि तिथे कापडी चिकटपट्टी कितीही चांगली असली तरी टिकत नाही.